सुरतेची शाळा, बडोद्याचे विद्यापीठ

१ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच्या आदल्या दिवशी, ३० एप्रिलला, बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की मावळत्या राज्याची घाई लक्षात येते. राज्य जाणार होते, ते कुणाच्या हातात राहिले नव्हते. पण राज्याने सत्तर वर्षांत उभी केलेली कॉलेजे आणि शाळा कुणाच्या स्वाधीन करायच्या, हे ठरवायला एक दिवस उरला होता आणि तो वापरला गेला.

त्या व्यवस्थेत विद्यापीठाकडे एक जुनी शाळा आली. तिचे नाव कलाभवन. १८९० मध्ये निघालेली, रंगारी, विणकर, सुतार, यंत्रकामगार आणि चित्रकार घडवणारी ही शाळा विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखेचे घर झाली. शाखा आजही तिथेच आहे आणि बडोद्यातली माणसे आजही त्या आवाराला कलाभवनच म्हणतात.

विद्यापीठांना जागा कमी पडली की शेजारची बंद पडलेली शाळा घेण्याची रीत आता सगळीकडे रुळली आहे. खरेदीखत होते, मूल्यांकन होते, मुद्रांक शुल्क भरले जाते, प्रॉपर्टी कार्डावर नाव बदलते. खरेदीखतात चतुःसीमा असतात, क्षेत्रफळ असते, किंमत असते. त्या भिंतींच्या आत कोण शिकत होते आणि कशासाठी, हे त्यात लिहायची पद्धत नाही. शहर भूमापन कार्यालयाला त्याची गरजही नसते. कलाभवनाच्या बाबतीत तर हस्तांतर विक्रीने झालेच नाही, ते कायद्याने झाले. त्यामुळे विद्यापीठाने त्या वर्षी नेमके काय घेतले, हे समजून घ्यायचे तर वेगळे कागद उघडावे लागतात: आत्मचरित्रे, सभांच्या नोंदी, एका कादंबरीची प्रस्तावना, संस्थानाचे वार्षिक प्रशासन अहवाल, गॅझेटियर आणि शेवटी तो कायदा. हे कागद उलट्या क्रमाने वाचत गेले की वाट बडोद्यातून बाहेर पडते आणि सुरतेत पोचते. कलाभवन काढणारा माणूस सुरतेचा. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरूंचा जन्म सुरतेचा. त्यांचे आजोबा सुरतेच्या इंग्रजी शाळेचे हेडमास्तर. आणि त्या शाळेत त्यांच्याही आधी शिकवून गेलेले एक मास्तर मराठीचे व्याकरणकार.

म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

दादोबा पांडुरंग तर्खडकर मराठी वाचकाला दोन कारणांसाठी ठाऊक असतात: १८३६ चे व्याकरण आणि परमहंस सभा. या दोहोंच्या मधली सुरतेची वर्षे आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकली जातात. १८४० च्या दशकाच्या पूर्वार्धात दादोबा सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत मास्तर होते. हेन्री ग्रीन तिचे हेडमास्तर. हेच ग्रीन पुढे पुण्याच्या कॉलेजात प्राचार्य झाले. त्याच शहरात दुर्गाराम मंछाराम मेहता गुजराती शाळा चालवत होते. सुरतेत त्यांना सगळे मेहताजी म्हणत. मुंबईहून आलेला मराठी मास्तर आणि नागर ब्राह्मण मेहताजी यांची गाठ पडली आणि २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा सुरू झाली. दुर्गाराम, दादोबा, दलपतराम, दामोदरदास आणि दिनमणिशंकर हे तिचे प्रमुख. पाचही नावे द-काराने सुरू होत असल्याने शहराने त्यांना ‘पाच दद्दा’ म्हटले. (यातले दलपतराम सुरतेचे मास्तर, गुजरातीतले प्रसिद्ध कवी दलपतराम वेगळे.)

या सभेविषयी दोन स्वतंत्र साक्षी उपलब्ध आहेत, आणि दोन वेगळ्या भाषांत. एक दादोबांचे मराठी आत्मचरित्र. अ. का. प्रियोळकरांनी ते १९४७ मध्ये चरित्राची जोड देऊन छापले. दुसरी दुर्गारामांनी ठेवलेली सभेच्या कामकाजाची गुजराती नोंद. महीपतराम रूपराम नीलकंठ यांनी १८७९ मध्ये लिहिलेल्या दुर्गारामचरित्रात ती उतरली. दोन्ही साक्षींची जात निराळी आहे. दादोबा उतारवयात मागे वळून लिहितात. स्वतःच्या आयुष्याचा अर्थ लावणे हा आत्मचरित्राचा धर्मच असतो. दुर्गारामांची नोंद त्या त्या सभेनंतरची आहे. कोण काय म्हणाले, कुणी काय विचारले, हे त्यात ताजे आहे. पण ती आपल्यापर्यंत येते महीपतरामांच्या हातून. महीपतराम स्वतः सुरतेचे, कट्टर सुधारक, १८६० मध्ये विलायतेला गेले म्हणून जातीने वाळीत टाकलेले. मेहताजींमध्ये त्यांना आपला पूर्वज दिसला असेल तर नवल नाही. म्हणून जिथे दोन्ही कागद एकमेकांना दुजोरा देतात तिथे मी पाय घट्ट रोवतो, आणि ती जागा लहान नाही. जातिभेद, विधवांचे हाल, मंत्रतंत्र आणि भूतपिशाच यांच्याविरुद्ध ही सभा उघडपणे बोलत होती. जादूटोणा करणाऱ्यांना तिने जाहीर आव्हान दिले होते. मुंबईला परतल्यावर दादोबांच्या प्रेरणेने १८४९ मध्ये परमहंस सभा निघाली ती गुप्त. सुरतेची त्याआधीची सभा मात्र उजेडात भरे. हा फरक मला फार मोठा वाटतो. मराठी सुधारणेचा आरंभ पुण्या-मुंबईत शोधण्याची आपल्याला सवय आहे, पण उघड्या मैदानावरचा पहिला प्रयोग एका मराठी मास्तराने तापीकाठी, गुजराती मित्रांबरोबर केला.

दुर्गाराम आणि त्यांच्या सोबत्यांनी १८४२ च्या सुमारास सुरतेत शिळाप्रेस आणला आणि पुस्तकप्रसारक मंडळी काढली. इमारती आणि शिक्षण यांचा संबंध पाहताना हा प्रेस विसरून चालणार नाही. त्या पिढीच्या दृष्टीने शाळा म्हणजे छापलेली पुस्तके, आणि ती मुलांच्या भाषेतली. इमारत भाड्याची असली तरी चाले.

१८४६ मध्ये दादोबा मुंबईला नॉर्मल वर्गावर गेले. त्याच सुमारास त्या इंग्रजी शाळेत दहा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला होता: नंदशंकर तुळजाशंकर मेहता, जन्म १८३५, सुरत. शिकून तो त्याच शाळेत मास्तर झाला आणि १८५८ मध्ये हेडमास्तर. त्या खुर्चीवर बसलेला पहिला हिंदी माणूस. १८६६ मध्ये त्याची ‘करण घेलो’ ही कादंबरी निघाली. गुजरातीतली ही पहिली स्वतंत्र ऐतिहासिक कादंबरी. गुजरातचा शेवटचा वाघेला राजा करण आणि त्याचा सर्वनाश हा तिचा विषय. देवगिरीच्या यादवांचे प्रकरणही त्या कथेत येते, म्हणून मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. प्रस्तावनेत नंदशंकर सांगतात की इंग्रजी कादंबऱ्यांच्या धर्तीवर गुजरातीत गोष्ट लिहावी, ही इच्छा शिक्षणखात्यातल्या एका साहेबाने, पूर्वीचे इन्स्पेक्टर रसेल यांनी, व्यक्त केली होती. ही प्रस्तावना मला शिक्षणाच्या इतिहासाचाही कागद वाटते. इंग्रजी शाळेचा हेडमास्तर गुजरातीत लिहितो आहे आणि ते खात्याच्या इच्छेने लिहितो आहे. इंग्रजी शिकवायचे ते देशी भाषा समृद्ध व्हावी म्हणून, असा तेव्हाच्या चांगल्या शिक्षकांचा प्रामाणिक समज होता. सुरतेच्या शाळेत तो वातावरणातच होता.

नंदशंकर पुढे शिक्षणखाते सोडून संस्थानी कारभारात गेले. त्यांचे चिरंजीव विनायक यांनी १९१६ मध्ये वडिलांचे चरित्र लिहिले. दुसरे चिरंजीव मनुभाई बडोद्यात आले, बडोदा कॉलेजात तर्कशास्त्र व तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, आणि १९१६ ते १९२७ संस्थानाचे दिवाण. मनुभाईंची कन्या हंसा. जन्म ३ जुलै १८९७, सुरत. पदवी बडोदा कॉलेजची. शाळेच्या हेडमास्तराची नात पुढे विद्यापीठाची कुलगुरू होणार होती, पण मधली पन्नास वर्षे आधी पाहायला हवीत, कारण त्यांत कलाभवन आहे.

त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म १८६३ चा, सुरतेचा. योगायोगाने सयाजीराव गायकवाडांचे जन्मवर्षही तेच. ते नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. गज्जर सुतार समाजातले. वडील कल्याणदास शिल्पशास्त्राचे आणि बांधकामाचे जाणकार. घरात करवत आणि रंधा, आणि मुलाने घेतली रसायनशास्त्राची एम. ए. पदवी. ही जोड त्या काळी दुर्मीळ होती. पदवीधर हाताने काम करत नसे, आणि कारागिराच्या हाती पदवी येत नसे. गज्जर बडोदा कॉलेजात रसायनाचे प्राध्यापक झाले आणि तिथे त्यांनी सयाजीरावांना पटवले की कारागिरांच्या मुलांसाठी वेगळी शाळा हवी. सयाजीरावांनाही ते पटायला वेळ लागला नसावा. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण अमरेली भागात १८९३ मध्ये आणि साऱ्या राज्यात १९०६ मध्ये लागू करणारा हा राजा. अक्षरओळख झालेल्या मुलांनी पुढे काय करायचे, हा प्रश्न त्याच्यासमोर रोजचा होता.

जून १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला असे त्याचे वर्ग होते. त्याची खरी ओळख मात्र माध्यमात होती. गज्जरांचा आग्रह असा की कारागिराच्या मुलाला विज्ञान त्याच्या भाषेत मिळाले पाहिजे. आधी सहा-सात वर्षे इंग्रजी शिक आणि मग रंगाचे रसायन शिक, असे त्याला सांगणे म्हणजे दार लावून घेणे. पण देशी भाषेत शिकवायचे तर पुस्तके हवीत, आणि पुस्तकांसाठी शास्त्रीय शब्द हवेत. त्यासाठी सयाजीरावांनी पैसा मंजूर केला. सयाजी ज्ञानमंजूषा आणि लघु ज्ञानमंजूषा या मालांतून तांत्रिक विषयांची पुस्तके निघू लागली. दुर्गारामांच्या शिळाप्रेसपासून इथपर्यंत एक सरळ धागा येतो असे मला वाटते. गज्जर सुरतेत वाढले तेव्हा मेहताजी हयात होते. त्यांचे निधन १८७६ चे. कल्पना तीच होती: आधी पुस्तक, तेही मुलाच्या भाषेत.

ध्रुव रैना आणि एस. इरफान हबीब यांनी १९९१ मध्ये कलाभवनाच्या शंभर वर्षांवर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी मकरंद मेहता यांनी पहिल्या सहा वर्षांचा बारकाईने शोध घेतला. सहा वर्षे एवढ्यासाठी की १८९६ मध्ये गज्जर बडोदा सोडून मुंबईला गेले. त्यांना पाठबळ देणारे दिवाण मणिभाई जसभाई १८९५ मध्ये पदावरून गेले होते. गज्जरांच्या योजना मोठ्या होत्या. नुसती शाळा त्यांना पुरी नव्हती. शाळेभोवती उद्योग उभे राहावेत, देशी रंग आणि रसायने इथेच तयार व्हावीत, असे त्यांना वाटे. संस्थानाच्या कारभाराला वार्षिक अहवालात बसेल एवढे खाते हवे होते. वर्ग, विद्यार्थी, परीक्षा, खर्च: अहवालांचे रकाने हेच. गज्जरांची कल्पना त्या रकान्यांत मावणारी नव्हती. मुंबईत त्यांनी रसायनाची खाजगी प्रयोगशाळा काढली. तिथल्या एका कामगिरीची कथा मराठी वाचकाला जवळची वाटेल. चापेकर बंधूंनी १८९६ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले होते. तो डाग भल्याभल्यांना निघेना. तो काढला गज्जरांनी. पुढे १९०७ मध्ये त्यांच्या शिष्यांनी, अमीन आणि कोटिभास्कर यांनी, अलेम्बिक हा रसायनांचा कारखाना काढला. तो बडोद्यात वाढला आणि आजही आहे. म्हणजे शाळेभोवती उद्योग हवा ही गज्जरांची अपेक्षा खरी ठरली, फक्त शाळेबाहेर.

कलाभवन गज्जरांनंतरही चालत राहिले. गोविंदभाई हाथीभाई देसाई आणि क्लार्क यांनी १९२३ मध्ये संस्थानाचे दोन खंडी गॅझेटियर सिद्ध केले. त्यात कलाभवन राज्याच्या मानाच्या संस्थांत आहे. गॅझेटियर हा राज्याने स्वतःविषयी लिहिलेला कागद, त्यामुळे त्यात अभिमान असणारच; तो वजा करूनही एक गोष्ट उरते, की तीस वर्षांनंतर शाळा जिवंत होती.

एक सावधगिरी इथे नोंदवायला हवी. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले, हे खरे. चित्रकला आणि छायाचित्रणाचा त्यांचा पाया तिथे पक्का झाला. पण त्यांच्या कित्येक चरित्रलेखांत ‘फाळके १८९० च्या सुमारास महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कलाभवनात दाखल झाले’ असे वाक्य सर्रास आढळते. त्या विद्यापीठाला जन्मायला अजून जवळजवळ साठ वर्षे होती. चूक लहान दिसते, पण शाळा विद्यापीठात गेली की तिचा भूतकाळसुद्धा कसा विद्यापीठाच्या नावावर चढतो, याचा हा नमुना आहे. प्रॉपर्टी कार्डावर पूर्वीच्या मालकाचे नाव कंस करून का होईना राहते. चरित्रकोशात ते तेवढेही राहिले नाही.

बडोद्याला स्वतःचे विद्यापीठ असावे ही इच्छा जुनी. बडोदा कॉलेज १८८१ पासून चालू होते. आर. एफ. चिझम यांनी रचलेली त्याची घुमटाची इमारत हीच आज विद्यापीठाची मुद्रा आहे. पण परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या, अभ्यासक्रमही तिथलाच. १९२६ मध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक ए. जी. विजरी यांच्या नेतृत्वाखाली आयोग बसला, अहवालही आला. विद्यापीठ मात्र झाले नाही. १९३६ मध्ये राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या वेळी सयाजीरावांनी एक कोटी रुपयांचा निधी जाहीर केला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी ते वारले. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले आणि आजोबांची इच्छा पुरी करण्याचे काम त्यांच्याकडे आले.

मग सारे काही महिन्यांत घडले. सप्टेंबर १९४८ मध्ये डॉ. जीवराज मेहता बडोद्याचे मुख्य प्रधान झाले. मार्च १९४९ मध्ये प्रतापसिंहरावांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली. अंमल १ मेपासून. आणि या दरम्यान बडोदा राज्याचा १९४९ चा कायदा क्रमांक १७ आला: महाराजा सयाजीराव विद्यापीठ कायदा. या कायद्यातली सर्वांत बोलकी तरतूद हद्दीची आहे. विद्यापीठाचे क्षेत्र कार्यालयापासून दहा मैलांच्या आतले. इतर विद्यापीठे दूरदूरची कॉलेजे संलग्न करून घेत होती. बडोद्याने स्वतःभोवती वर्तुळ आखले आणि त्यात जे येते ते एकसंध ठेवायचे ठरवले. त्याच वर्षी अहमदाबादेत गुजरात विद्यापीठाचाही कायदा झाला. बडोद्याचे वर्तुळ आखले गेले नसते तर बडोदा कॉलेज संलग्न कॉलेज झाले असते, आणि कलाभवन मुंबई राज्याच्या तंत्रशिक्षण खात्याच्या यादीतली एक सरकारी संस्था. तारखांचा हा क्रम पाहता वर्तुळाचा हेतू उघड आहे.

वर्तुळात आले बडोदा कॉलेज, कलाभवन, शिक्षकांचे प्रशिक्षण महाविद्यालय, वाणिज्य महाविद्यालय, संस्कृत महाविद्यालय, हस्तलिखितांनी समृद्ध प्राच्यविद्या मंदिर, आणि सुरसागर तलावाकाठचे संगीत महाविद्यालय. या शेवटच्या संस्थेचे मूळ मौलाबक्षांनी १८८६ मध्ये काढलेल्या गायनशाळेत. बहुतेक विद्यापीठे आधी कार्यालय बांधतात आणि मग शाखा. इथे शाखा आधीच होत्या, प्रत्येकीला स्वतःची इमारत, स्वतःचे वय आणि स्वतःचा उद्देश होता. विद्यापीठाने त्यांना एका छपराखाली आणले. यात पैशाची देवघेव झाली नाही. राज्याची मालमत्ता राज्याने कायद्याने दिली.

त्याच वर्षी पुण्यात काय चालले होते, तेही पाहावे. पुणे विद्यापीठ फेब्रुवारी १९४९ मध्ये निघाले आणि त्याला गणेशखिंडीतला गव्हर्नरचा वाडा मिळाला. तिथे आधी कुणी शिकत नव्हते, त्यामुळे नव्या विद्यापीठाला आधीच्या कुठल्याच शाळेशी नाते सांगावे लागले नाही. अगदी उलट उदाहरण डेक्कन कॉलेजचे. १९३४ मध्ये सरकारने ते बंद केले. त्याच्या इमारतीसाठी जमशेटजी जिजीभाई यांनी एक लाख रुपये दिले होते, आणि ते शिक्षणासाठी, अशी अट होती. माजी विद्यार्थी त्या अटीचा कागद घेऊन कोर्टात गेले. १९३९ मध्ये कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. इमारतीला देणगीपत्र असले तर तिच्या वतीने भांडता येते. कलाभवनाला तसा कागद नव्हता. ते सरकारी खाते होते. राजाने काढले, राज्याने दिले. कारागिराच्या मुलाचा त्यावर हक्क आहे, हे कुठल्याही दस्तात नव्हते. ते फक्त गज्जरांच्या मनात आणि पहिल्या वर्षांच्या पुस्तकांत होते.

पहिल्या कुलगुरू झाल्या हंसा मेहता. कायदा झाला तेव्हा त्यांचे पती जीवराज मेहता प्रधान होते, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही, आणि त्यामुळे त्यांची योग्यता कमीही होत नाही. त्या संविधानसभेच्या सदस्य होत्या, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. आणि बडोद्याला येण्याआधी त्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. म्हणजे अण्णासाहेब कर्व्यांच्या विद्यापीठाच्या. कर्व्यांनी १९१६ मध्ये ते काढले तेव्हा त्याचा पायाच मातृभाषेतून उच्च शिक्षण हा होता. तिथून आलेल्या, गुजराती कादंबरीकाराच्या नातीने ज्या विद्यापीठाची घडी बसवली त्याचे माध्यम मात्र इंग्रजी झाले आणि इंग्रजीच राहिले. गुजरातेत आजही ती त्याची ओळख आहे.

हंसाबेनना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. १९४९ मध्ये तंत्रशिक्षणाची पदवी द्यायची तर इंग्रजीखेरीज पुस्तके नव्हती, देशभरचे प्राध्यापक आणायचे तर इंग्रजीच लागणार होती. त्यांनी १९५८ पर्यंत जे विद्यापीठ उभे केले ते देशातल्या उत्तम विद्यापीठांत गणले गेले. गृहविज्ञानाची शाखा त्यांच्या काळातली. ललित कलांची शाखाही १९५० ची. तिथे ना. श्री. बेंद्रे शिकवायला आले आणि आधुनिक भारतीय चित्रकलेची एक पिढी घडली. यश निर्विवाद आहे. पण इंग्रजीखेरीज पुस्तके का नव्हती, याचे उत्तर कलाभवनातच होते. पुस्तके करण्याचे काम तिथे १८९० मध्ये सुरू झाले होते आणि १८९६ नंतर त्याचा वेग गेला. ते काम पन्नास वर्षे अखंड चालले असते तर १९४९ मध्ये निवड करायला काही उरले असते. विद्यापीठाने जी शाळा घेतली तिचा प्राण आधीच अर्धा गेलेला होता. विद्यापीठाने तो परत आणायचा प्रयत्न केला नाही. कागदांवरून मला दिसते ते एवढे, आणि ते मी स्पष्टपणे लिहितो.

इमारत वाचली, याचे मोल मी कमी मानत नाही. कलाभवन सरकारी खात्याच्या यादीत गेले असते तर आज तिथे कचेरी असती. साठ-सत्तर वर्षांत हजारो अभियंते तिथून बाहेर पडले, त्यांत कारागिरांची मुलेही आहेत. पण विद्यापीठाने शाळा घेताना तिच्या उद्देशाची एक ओळ जरी आपल्या कायद्यात घेतली असती, तर पुढच्या प्रत्येक पिढीला तो प्रश्न विचारण्याचा आधार मिळाला असता. आज ज्या विद्यापीठांच्या व्यवस्थापन परिषदांसमोर शेजारची बंद शाळा घेण्याचे प्रस्ताव येतात, त्यांनी खरेदीखताबरोबर त्या शाळेचे पहिले नियमपत्र, पहिले हजेरीपट आणि स्थापनेचा ठराव ताब्यात घ्यावा आणि तो ठरावाच्या इतिवृत्तात शब्दशः उतरवावा. याला खर्च येत नाही.

सुरतेला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९६७ साल उजाडले. दक्षिण गुजरात विद्यापीठ या नावाने ते निघाले. २००४ मध्ये त्याला कवी नर्मद यांचे नाव देण्यात आले. नर्मदही शिक्षक होते, सुरतेजवळच्या रांदेरच्या शाळेत त्यांनी शिकवले होते आणि १८५८ मध्ये, नंदशंकर हेडमास्तर झाले त्याच वर्षी, मुंबईतली मास्तरकी सोडून ते लेखणीच्या भरवशावर जगू लागले. आमलीरानमधले त्यांचे सरस्वती मंदिर हे घर सुरतेने जपले आहे. एका लेखकाचे घर आणि एका विद्यापीठाचे नाव, दोन्ही सुरतेने राखले. १८४० च्या दशकातल्या त्या इंग्रजी शाळेच्या वाट्याला असे स्मारक आलेले नाही; ती आपल्याला भेटते ती दादोबांच्या, दुर्गारामांच्या आणि नंदशंकरांच्या कागदांतच.

म्हणून वाचकांना एक विनंती. बडोद्यात आणि सुरतेत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कुणाचे आजोबा-पणजोबा कलाभवनात शिकले असतील. त्यांच्या ट्रंकेत रंगकामाची वही असेल, नमुन्यांचे कापडाचे तुकडे चिकटवलेले असतील, प्रमाणपत्र असेल, ज्ञानमंजूषेतले एखादे पुस्तक असेल. ते रद्दीत देऊ नका. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा प्राच्यविद्या मंदिरात नेऊन द्या, निदान त्याची छायाप्रत तरी करून द्या. अहवालांत विद्यार्थ्यांची संख्या आहे, त्यांनी काय लिहून घेतले ते नाही. ते फक्त तुमच्या घरी असू शकते.